जुनापाणीची शिलावर्तुळे पाहायला पहिल्यांदा जाताना

नागपूरच्या काटोल रस्त्याने ये-जा करणाऱ्यांना जुनापाणी हे नाव पाटीवर वाचून पाठ झालेले असते. त्या गावाच्या बरडावर, म्हणजे मुरमाड माळावर, सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मी नागपुरातच वाढलो, तरी तिशी उलटेपर्यंत तिकडे फिरकलो नव्हतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊण तास माळावर हिंडलो आणि एकही वर्तुळ दिसले नाही. शेवटी बाभळीखाली गाई राखत बसलेल्या एका भाऊंनी हाक मारली, "गोटे पाहाले आले का जी? तुमी त्यातच उभे आहा ना!" खाली पाहिले. माझ्या दोन्ही बाजूंना गवतात अर्धे बुडालेले काळे धोंडे होते, आणि ते ओळीने वळत वळत पाठीमागे जाऊन एकमेकांना भेटत होते.

त्यानंतर पुष्कळ वेळा गेलो, पाहुण्यांना घेऊन गेलो, भाच्यांना घेऊन गेलो. प्रत्येकाला तिथे पोचल्यावर तोच पाऊण तास लागतो. तो वाचावा आणि जो वेळ तिथे मिळेल तो खरोखर पाहण्यात जावा, म्हणून हे क्रमाने लिहून ठेवतो आहे.

घरून निघण्याआधी: आपण काय पाहायला चाललो आहोत

शिलावर्तुळ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचे चित्र येते: माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे उभे दगड आणि त्यांवर आडवे टाकलेले दगड. ते चित्र घरीच ठेवून निघा. विदर्भातल्या वर्तुळांचे दगड गुडघ्याएवढे, फार तर कमरेएवढे असतात. ते उभे रोवलेले नसतात, एकाला एक लागून गोलाकार मांडलेले असतात. लांबून पाहिले तर माळावर धोंडे पडले आहेत एवढेच वाटते.

ही दफने आहेत. विदर्भातल्या लोहयुगात, म्हणजे साधारण इ.स.पू. १००० ते ३०० या काळात, इथे राहणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांसाठी ती बांधली. मोठ्या धोंड्यांचे कडे करायचे, आत मृताची हाडे आणि त्याच्यासोबत द्यायच्या वस्तू ठेवायच्या आणि वर माती-मुरूम, गोटे यांची भर घालायची, अशी ही साधारण रचना. पुष्कळ ठिकाणी पूर्ण सांगाडा मिळत नाही, निवडक हाडेच मिळतात. म्हणजे देह आधी दुसरीकडे ठेवून नंतर अस्थी आणून पुरल्या असाव्यात. पुरातत्त्वाच्या मराठी पुस्तकांत याला महापाषाणीय किंवा बृहदश्मयुगीन संस्कृती म्हणतात. गावात विचाराल तर "गोटे" म्हणा, लगेच कळेल.

वस्तूंची यादी वाचली की या लोकांबद्दल आदर वाटू लागतो. काळी-तांबडी मातीची भांडी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, तांब्याची झाकणे आणि त्यांच्या शेंड्यावर बसवलेले छोटे पक्षी, कार्नेलियन या तांबूस दगडाचे मणी. जुनापाणीजवळच्याच माहुरझरीला घोड्यांची हाडे मिळाली, त्यांच्या तोंडातले लगाम मिळाले आणि डोक्यावर घालायचे तांब्याचे अलंकारही मिळाले. माणसासोबत घोडाही सजवून पुरावा, इतका तो त्यांच्या जवळचा होता. लोखंडाचे काम तर विशेष. रामटेकच्या बाजूला पेंच नदीकाठी नायकुंड गाव आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टीच सापडली. वळणदार विटांची, हवा फुंकायच्या नळ्यांसह. वर्तुळांमध्ये मिळालेल्या कुऱ्हाडी परक्या मुलखातून आणलेल्या असाव्यात अशी शंका घ्यायला त्यामुळे फारशी जागा उरत नाही.

एवढे डोक्यात ठेवून गेलात की माळावरचा प्रत्येक धोंडा कुणीतरी, कुणाच्या तरी माणसासाठी, तिथवर आणून ठेवलेला आहे याचा विसर पडत नाही. आवाज आपोआप खाली येतो.

केव्हा जायचे

दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यातही डिसेंबर-जानेवारी उत्तम, आणि वेळ सकाळची, सूर्य उगवल्यापासून पहिले दोन-अडीच तास. याचे कारण थंडी हे तर आहेच, पण खरे कारण उन्हाचा कल. ऊन तिरपे असले की प्रत्येक धोंड्याची सावली लांब पडते आणि जमिनीवर वर्तुळ आखल्यासारखे दिसते. दगडावरचे बारीक खळगेही तेव्हाच उठून येतात. तेच ठिकाण दुपारी बाराला पाहा, सगळे सपाट. संध्याकाळी चारनंतरचे ऊनही चालते, पण मग अंधार पडायच्या आत निघायची घाई राहते आणि गोरेवाड्याचे जंगल जवळ आहे. त्या भागात बिबट्याचा वावर आहे, म्हणून तिन्हीसांजेला तिथे रेंगाळू नये.

मार्चमध्ये पळस फुललेला असतो, देखावा सुंदर असतो, पण दहानंतर दगड तापू लागतात. एप्रिल-मे आणि नवतपा (मेअखेरचे तापलेले नऊ दिवस) यांचे नावही काढू नका. नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि माळावर सावलीला एखाददुसरी बाभूळ.

पावसाळ्याबद्दल मात्र वेगळे सांगायचे आहे. हिरवळीत काळे धोंडे फार देखणे दिसतात, फोटो पाहून मोह होतो. पण गवत कमरेएवढे असते, पाय कशावर पडतो ते दिसत नाही, सापांची भीती असते आणि नाले भरलेले असतात. विदर्भातल्या शिलावर्तुळांच्या इतिहासात या नाल्यांनी एक बळी घेतलेला आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे कॉलेज आज शहरात आहे, ते १८६३ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडच्या टाकळघाटला गेले होते. तिथली शिलावर्तुळे पाहायला मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपलही आले होते. परतताना हिस्लॉप मागे राहिले आणि ४ सप्टेंबरला घोड्यावरून भरलेला नाला ओलांडताना वाहून गेले. इथल्या खडकांचा, जीवाश्मांचा आणि गोंड समाजाचा एवढा बारकाईने अभ्यास केलेला माणूस पंचेचाळीस-सेहेचाळीसाव्या वर्षी गेला. पूर आलेला नाला गुडघाभर दिसला तरी त्यात पाऊल टाकू नका, वर्तुळे कुठे पळून जात नाहीत.

पोचायचे कसे, बरोबर काय घ्यायचे

शहरातून काटोल नाक्यावर या आणि काटोल रस्ता धरा. गोरेवाडा मागे टाकला की लक्ष ठेवायला लागा. शहराच्या मध्यापासून अंतर दहा-बारा किलोमीटर आहे, दुचाकीने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. एस.टी. किंवा शेअर ऑटोने आलात तर उतरताना परतीच्या गाडीची चौकशी करूनच पुढे जा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक ही मुख्य खूण. जुनापाणीची वर्तुळे केंद्र सरकारने संरक्षित केलेली आहेत. वर्तुळे एकाच कुंपणात गोळा झालेली नाहीत, पसरलेली आहेत, म्हणून फलक म्हणजे सुरुवात समजा.

बूट घोट्याच्या वर येणारे घाला आणि जाड मोजे. हिवाळ्यात तिथले कुसळी गवत वाळलेले असते आणि कुसळे मोज्यांतून आत शिरून दिवसभर टोचत राहतात. पॅण्ट पायघोळ आणि जाड कापडाची. चप्पल घालून आलेल्यांना मी परत पाठवलेले आहे. पाणी माणशी दोन लिटर, कारण माळावर पाण्याची सोय नाही. टोपी, एक छोटी टॉर्च (दिवसाउजेडी कशाला ते पुढे सांगतो), वही-पेन्सिल आणि पंधरा मीटरचा मोजपट्टा मिळाला तर फारच छान. खाणे निघतानाच उरकून घ्या. नागपुरात सकाळी तर्री-पोहे खाऊन निघणे हा सर्वांत सोपा मार्ग, माळावर प्लास्टिकच्या पुड्या फोडत बसायची गरज राहत नाही.

पहिला अर्धा तास: चालू नका

उतरलात की लगेच आत घुसायचा मोह होतो. तसे करू नका. आजूबाजूला जिथे जरा चढ असेल तिथे जा, पाठीवर सूर्य घ्या आणि पाच मिनिटे नुसते पाहा. डोळ्यांना त्या माळाची सवय व्हावी लागते. आधी धोंडे सुटे दिसतात. मग त्यांतल्या एका घोळक्याला वळण आहे असे वाटते. एकदा एक वर्तुळ जुळले की दुसरे, तिसरे, चौथे भराभर जुळत जातात आणि मग सगळा माळच वर्तुळांनी भरलेला दिसू लागतो. हा क्षण मी कितीतरी लोकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, आणि दर वेळी मला स्वतःलाच पहिल्यांदा दिसल्यासारखा आनंद होतो.

या जागेबद्दल माझे आग्रहाचे सांगणे एकच. एखादे मोठे, नीट राहिलेले वर्तुळ गाठून फोटो काढायचा आणि निघायचे, असे करू नका. जुनापाणीचे महत्त्व एका वर्तुळात नाही. कुठले वर्तुळ कुठल्या शेजारी आहे, मोठी कुठे आहेत, लहान कुठे, उंचवट्यावर कोणती आणि उतारावर कोणती, हे सगळे मिळून ती एक जागा आहे. गावातल्या स्मशानभूमीत जशा जुन्या घराण्यांच्या जागा ठरलेल्या असतात, तसे काही इथेही असेल का, हा प्रश्न मनात यायचा असेल तर चारी बाजूंना फिरावेच लागते.

दगड कुठून आले तेही याच वेळी पाहून घ्या. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची पूर्वेकडची किनार येऊन संपते. हा खडक ऊन-पावसाने झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि मधला गाभा गोल धोंडा होऊन उरतो. टेकड्यांच्या उतारावर असे धोंडे आयतेच पडलेले असतात. वर्तुळे बांधणाऱ्यांना दगड फोडावे लागले नाहीत, निवडावे आणि आणावे लागले.

आणणे सोपे होते असे मात्र समजू नका. सत्तर सेंटिमीटर रुंदीचा गोल धोंडा धरा. बेसॉल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड, म्हणजे त्या एका धोंड्याचे वजन सुमारे अर्धा टन. वर्तुळातले दगड मोजा आणि गुणाकार करा. बैल, दोरखंड, लाकडी ओंडके आणि पुष्कळ माणसे एकत्र आल्याखेरीज हे होत नाही. मुलांना हा हिशेब तिथेच उभे राहून करायला लावा, त्यांना तो फार आवडतो.

आता एक वर्तुळ निवडा आणि सावकाश वाचा

नीट राहिलेले एखादे वर्तुळ निवडून त्याला बाहेरून एक फेरी मारा. आत पाय ठेवू नका. पावलांनी घेर मोजा, मग एका बाजूकडून दुसरीकडे साधारण किती पावले होतील ते बाहेरूनच अदमासा. कुठे दहा-बारा पावले भरतील, कुठे त्याहून बरीच जास्त.

मग मधला भाग पाहा. अस्सल वर्तुळाचा मध्य बहुधा किंचित फुगीर असतो आणि तिथे बारीक गोटे दिसतात. बाहेरच्या जमिनीपेक्षा आतली भर वेगळी आहे हे डोळ्यांनीही कळते. मध्य खोलगट असेल, कडेला माती उपसल्यासारखी पडली असेल, तर तिथे कुणीतरी खणलेले आहे. जुन्या काळातले उत्खनन असेल किंवा गुप्तधनाच्या आशेने कुणी केलेला खड्डा असेल.

शेतकऱ्याने वावरातून वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकलेल्या दगडांची रास आणि शिलावर्तुळ यांत नवख्याची गल्लत होते. ओळखायच्या खुणा सांगतो. राशीतले दगड एका-दोघा माणसांना उचलता येतील असेच असतात, लहान-मोठे मिसळलेले आणि एकावर एक चढलेले. वर्तुळाचे धोंडे मोठे, साधारण एका मापाचे, एकाच थरात आणि निम्मेअधिक जमिनीत रुतलेले असतात. त्यांच्या वरच्या बाजूला दगडफुलाचे करडे-पांढरे डाग पसरलेले असतात, कारण ती बाजू शतकानुशतके तशीच उन्हात आहे. एखाद्या धोंड्यावर असे डाग खालच्या अंगाला दिसले, तर तो अलीकडे कुणीतरी उलटवला आहे.

वर्तुळ पूर्ण नसेल तर हिरमुसू नका. कुठे एका बाजूचे दगड घरबांधणीला गेले, कुठे मधून गाडीवाट गेली. जिथे दगड नाही तिथे जमिनीत तो होता त्या जागेची खळगी शोधा, पुष्कळदा ती सापडते. वहीत वर्तुळाचा आराखडा काढा, असलेले दगड गडद आणि नसलेले तुटक रेषेने. चित्रकला येत नसली तरी काढा. हाताने काढताना जे दिसते ते फोनमधून दिसत नाही.

दगडावरचे खळगे

जुनापाणीला संशोधक ज्या कारणासाठी वारंवार येतात ते हे. काही धोंड्यांवर वाटीच्या तळासारखे छोटे गोल खळगे कोरलेले आहेत, बहुधा ओळीत. १८६७ मध्ये इथली काही वर्तुळे खणणाऱ्या जे. एच. रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने ते टिपले. हा गृहस्थ खरे तर मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त. आपला वृत्तांत त्याने १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला आणि युरोपातल्या दगडांवर असेच खळगे आहेत याकडे लक्ष वेधले. पुढे १९६१ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. कृ. थापर यांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. अगदी अलीकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी खळगे असलेले दगड वर्तुळात कुठल्या दिशांना आहेत याच्या नोंदी केल्या आणि त्यांचा आकाशाशी काही संबंध असावा का, हे तपासले. खळग्यांचा नेमका अर्थ कुणी सिद्ध केलेला नाही. बरोबर आलेला कुणी ठासून काही सांगू लागला, तर ऐकून घ्या आणि वहीत त्याचे मत म्हणून लिहा.

खळगे शोधायचे कसे? इथे टॉर्च कामाला येते. धोंड्याच्या एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, तिरपा प्रकाश टाका. दुसऱ्या कुणाला तरी अंगाची सावली दगडावर पाडायला सांगा. सपाट वाटणाऱ्या दगडावर अचानक चार-पाच सारख्या मापाच्या वाट्या उमटतात. बोट फिरवले तर त्यांची कड गुळगुळीत लागते.

फसवे खळगेही पुष्कळ. बेसॉल्ट हा लाव्हारस थिजून झालेला खडक, त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि त्यांची भोके राहतात. ही भोके वेडीवाकडी, लहान-मोठी आणि दगडभर विखुरलेली असतात. त्यांच्यात कधी पांढरे किंवा हिरवट खनिज भरलेले असते, कधी ते गळून पडून पोकळी उरलेली असते. माणसाने कोरलेले खळगे एका मापाचे असतात आणि त्यांच्या मांडणीत हेतू दिसतो. दोन्ही एकाच दगडावर असू शकतात. सुरुवातीला मीही बुडबुड्यांची भोके मोजून वहीत लिहिली होती, ती पाने नंतर खोडावी लागली. एक खात्रीचा खळगा सापडला की दिशादर्शक काढून तो दगड वर्तुळाच्या कुठल्या बाजूला आहे ते लिहा. फोनमधला दिशादर्शक चालतो, फक्त बेसॉल्टमध्ये लोहखनिज असते म्हणून फोन दगडावर ठेवून वाचू नका, दोन-तीन पावले दूर उभे राहा.

खळगे उठून दिसावेत म्हणून त्यांत खडू, कुंकू किंवा रंग भरलेले मी पाहिले आहे. कृपा करून हे करू नका. रंग दगडाच्या छिद्रांत जातो आणि कायमचा राहतो.

जे करायचे नाही

प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीशिवाय बांधता येत नाही. पण कायद्याच्या धाकापेक्षा कारण समजले तर हात आपसूक मागे राहतो, म्हणून कारण सांगतो.

या जागेबद्दल लिखित असे काहीच नाही. त्या लोकांची लिपी आपल्याजवळ नाही, गाणी नाहीत, नावे नाहीत. जे आहे ते एवढेच: कुठला दगड कुठे आहे, कुठल्या थरात काय आहे. बसायला बरा म्हणून एक धोंडा दोन फूट सरकवला, तर ओळीतला एक शब्द खोडला. फोटोसाठी गोट्यांचे मनोरे रचणे, दगडावर नाव कोरणे, वर्तुळात चूल पेटवणे, सगळे त्याच जातीचे. खापराचा तुकडा किंवा मणी दिसला तर आहे तिथे राहू द्या, फोटो काढा, जागा लिहा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. खिशात घालून घरी आणलेला मणी हा नुसता एक मणी असतो. जमिनीत असताना तो कुणाच्या गळ्यातला होता हे कधीतरी कळू शकले असते.

गुप्तधनाबद्दलही स्पष्ट बोलतो, कारण माळावर गेलात की कुणी ना कुणी विचारतेच. विदर्भातल्या दफनांत सोने क्वचित मिळाले आहे, तेही दागिन्याच्या बारीक तुकड्यांच्या रूपात. हंडे-बिंडे काही नाहीत. त्या आशेने रात्री खणणाऱ्यांनी लोखंडाची गंजलेली अवजारे, फुटकी भांडी आणि हाडे उपसून फेकून दिली आहेत. एका हिवाळ्यात मी पाहिलेले चांगले वर्तुळ पुढच्या हिवाळ्यात मधोमध फोडलेले होते. काठावर खापरांचा ढीग पडला होता, ताज्या तुटलेल्या कडांचा. त्या दिवशी कुणाशी बोलावेसे वाटले नाही.

गावातल्या माणसांशी

रामराम घालून सुरुवात करा. गुरे राखणाऱ्यांना इथली प्रत्येक वाट आणि प्रत्येक गोटा माहीत असतो. कुणाच्या वावरातून जायचे असेल तर विचारून जा, उभ्या तुरीतून किंवा हरभऱ्यातून पाऊलवाट पाडू नका. नागपूर जिल्ह्यात घोराड, उबाळी, हिंगणा, टाकळघाट अशा कितीतरी ठिकाणी शिलावर्तुळे आहेत आणि बरीचशी शेतांना लागून आहेत. धुऱ्यावरचे वर्तुळ पिढ्यान्‌पिढ्या न मोडता राखलेले शेतकरी आहेत. त्यांचे आभार मानायला विसरू नका, कारण दुसरे कुणी मानत नाही.

जुन्या माणसांकडून तुम्ही ऐकाल की ही वर्तुळे गवळ्यांची, गवळी राजांच्या काळातली. रिव्हेट-कारनॅकच्या वेळीही लोक गवळ्यांचेच नाव घेत. ऐतिहासिक पुरावा म्हणून ते धरता येत नाही, पण "चुकीचे आहे" म्हणून तोडून टाकू नका. गुरे-घोडे पाळणाऱ्या लोकांची ही जागा होती, हे त्या कथेत कुठेतरी उरले आहे असे मला वाटते. हे माझे मत, तुम्ही तुमचे बनवा.

वेळ उरला तर

त्याच बाजूला, फेटरीजवळ, माहुरझरी आहे. नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी १९७० ते १९७२ या काळात तिथे उत्खनन केले. घोड्यांचे अलंकार मिळाले ते इथलेच. पुढे डेक्कन कॉलेजच्या र. कृ. मोहंती यांनीही काम केले. माहुरझरी मण्यांचे गाव. अर्धमौल्यवान दगडांचे मणी घडवायचा उद्योग तिथे फार काळ चालला. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याचा ताम्रपटही याच गावचा, म्हणजे वर्तुळे बांधली गेल्यानंतर हजारभर वर्षांनीही ते नांदते होते. एका सकाळी दोन्ही ठिकाणे घाईने करण्यापेक्षा माहुरझरीला दुसरा दिवस द्या.

जुनापाणीहून परतताना मात्र एक थांबा त्याच दिवशी घ्या, पाहिलेले डोळ्यांत ताजे असताना. सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. सोमवारी ते बंद असते, म्हणून सोमवार टाळूनच बेत आखा. टाकळघाटची वर्तुळे पाहायला गेलेल्या त्याच रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत, हिस्लॉप बुडाले त्याच १८६३ साली, ते सुरू झाले. पुरातत्त्वाच्या दालनात जा आणि विदर्भातल्या लोहयुगाच्या वस्तू कुठे आहेत ते तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. लोखंडी कुऱ्हाड पाहायला मिळाली तर तिच्या दांड्याकडच्या भागावर फुलीसारख्या गुंडाळलेल्या लोखंडी पट्ट्या शोधा. लाकडी दांडा घट्ट बसावा म्हणून त्या काळच्या लोहाराने केलेली ती युक्ती आहे. मग बुटातली कुसळे काढत बाहेरच्या झाडाखाली बसा आणि सकाळच्या आराखड्यात राहून गेलेले दगड आठवून भरून टाका.